योगिनीची रात्रपाळी

सत्यवान तांडेलाच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा ती पणजीजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर कामाला होती. मुलगा नानांचा, प्रीतम. नाना म्हणजे तारकर्लीतलं मोठं प्रस्थ. किनाऱ्याला लागून रिसॉर्ट, पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्या बोटी, शिवाय देवस्थान कमिटीचं अध्यक्षपद. सत्यवान त्यांच्यापुढे काहीच नव्हता. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात त्याचा एक वाटा होता, आणि माडांच्या सावलीत बांधलेल्या दोन खोल्या तो पर्यटकांना द्यायचा. बायको लवकर गेली. योगिनी त्या खोल्यांच्या चादरी बदलत, पाहुण्यांना सोलकढी वाढत मोठी झाली आणि पुढे गोव्यात जाऊन हॉटेलचा कोर्स करून आली.

प्रीतमनं तिला स्वतःच मागणी घातली होती. नानांनी तोंड वाकडं केलं, पण साखरपुडा होऊ दिला. मग कुडाळच्या एका ठेकेदाराकडून मुलीचं स्थळ आलं, हायवेच्या कामांवर पैसे कमावलेला माणूस, आणि नानांना आपली घाई झाली असं वाटायला लागलं. मोडायचं तर निमित्त हवं. ते त्यांनी शोधलं, आणि बोलून दाखवायला जागा निवडली ती देवळातल्या बैठकीची.

जत्रेच्या वर्गणीचं बोलणं चाललं होतं. सगळा गाव बसलेला. नाना मध्येच म्हणाले, "सत्यवान, आता हयसरच सांगतंय म्हणजे मागे बोलूक नको. तुझा चेडू हॉटेलात रात्रपाळी करता. हॉटेलातली रात्रपाळी म्हणजे काय, ता कोणाक सांगूक नको. माझ्या घरात ता चलाचा नाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सत्यवानानं मांडीवरचा पंचा उचलला, खांद्यावर टाकला आणि घरी गेला. त्यानंतर तो त्या देवळात बैठकीला कधी बसला नाही. रापण ओढायला जायचा, वाट्याची मासळी घेऊन सरळ घर गाठायचा. चहाच्या टपरीवर चाललेलं बोलणं तो आला की थांबायचं, म्हणून त्यानं टपरी सोडली.

योगिनीला हे प्रीतमच्या मेसेजवरून कळलं. बाबांपुढे माझं चालत नाही, एवढंच त्यानं लिहिलं होतं. तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही.

"माका रडूक येयना," तिनं पुढे कधीतरी मला सांगितलं. "माका फक्त तेंचो आवाज आयकूक येय. माझ्या बापाशीक नावान हाक मारून बोलले तो."

तिनं तो आवाज जपला. माणसं म्हणतात की काळ गेला की राग निवतो. तिचा निवला नाही. तिनं निवू दिला नाही. काम करता करता ती मनात नानांना शिक्षा द्यायची. कधी त्यांच्या बोटी फुटायच्या, कधी रिसॉर्टवर धाड पडायची, कधी नाना तिच्या बापाच्या दारात उभे असायचे आणि तो आतून बाहेरच येत नसे. हे शेवटचं तिला सगळ्यांत आवडायचं.

गोव्यातल्या एका मॅनेजरनं तिला बँकॉकचं काम सुचवलं. तिथं एका पंजाबी कुटुंबाचं मध्यम हॉटेल होतं, शहराच्या नाना नावाच्या वस्तीत. होय, नानाच. तिथल्या रेल्वे स्टेशनलाही तेच नाव आहे. योगिनीनं नकाशावर ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिनं नकाशा बंद केला, पण पगार गोव्याच्या तिप्पट होता आणि गावापासून लांब जायचं होतं. ती गेली.

ती वस्ती रात्रीची आहे. दिवसा तिथं फळांच्या गाड्या, शिंप्यांची दुकानं, औषधांची दुकानं. अंधार पडला की गल्ल्या लाल-निळ्या होतात, बारच्या दारात मुली स्टुलांवर बसतात आणि जगभरचे पुरुष फिरायला लागतात. हॉटेलांचा भावही त्यावरच ठरतो. रस्त्याच्या जितकं जवळ तितकी खोली महाग. थंडीत पर्यटक दाटले की दर दुप्पट, पावसात निम्मे. आणि काही हॉटेलांत एक वेगळा नियम असतो, योगिनीच्याही हॉटेलात होता: पाहुणा रात्री कोणाला खोलीवर आणणार असेल तर त्याचा जादा आकार काउंटरवर भरायचा आणि येणाऱ्या बाईनं आपलं ओळखपत्र तिथं ठेवायचं. बाई सुखरूप खाली आली की ते तिला परत मिळायचं. योगिनी ह्या बायकांना कधी वाकडं बोलली नाही. बहुतेकींची घरं लांब, भातशेतीच्या मुलखात. एक तिला येता-जाता उकडलेल्या शेंगा द्यायची.

काही वर्षांत ती रात्रीच्या काउंटरची प्रमुख झाली. केस मानेपर्यंत कापले, काळा कोट, छातीवर नुसतं "योगी" लिहिलेली पट्टी. थाई बोलायला लागली. बापाला पैसे पाठवायची, वर्षातून एकदा घरी यायची, आली की घराबाहेर फार पडायची नाही.

भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागेनासा झाला आणि आपल्याकडची माणसं गटागटानं जायला लागली. आमच्या जिल्ह्यातही ते लोण आलं. ऑगस्ट महिना, समुद्र खवळलेला, बोटी वर ओढलेल्या, रिसॉर्ट रिकामे. तारकर्ली, मालवण, कुडाळ आणि तळेऱ्याकडच्या हॉटेलवाल्यांनी एक अभ्यास दौरा ठरवला. थायलंडचे किनारे बघायचे, तिथं पर्यटन कसं करतात ते शिकायचं, असं घरी सांगितलं. पुढारी नाना. हार घालून त्यांना निरोप दिला, पेपरातही दोन ओळी आल्या.

किनारे असलेल्या कुठल्याच गावाला ते गेले नाहीत. विमान बँकॉकला उतरलं आणि परतीच्या दिवसापर्यंत मंडळी बँकॉकलाच राहिली. एजंटानं स्वस्तात मस्त म्हणून जे हॉटेल धरलं ते योगिनीचं निघालं. यात तिनं काही जुळवून आणलं नव्हतं. नानांना तिनं मनात हजार वेळा समोर उभं केलं होतं, पण असं कधी नाही.

ती संध्याकाळी कामावर आली तेव्हा मंडळी लॉबीत सामान टाकून बसली होती आणि नाना काउंटरवर भांडत होते. चेहरा तिनं नंतर पाहिला. आधी आवाज ओळखला.

दोघांत एक खोली अशी ठरलेली, आणि नानांना एकट्याला खोली हवी होती, पण जादा पैसे न देता. "अवर बिग ग्रुप," ते म्हणत होते. "डिस्काउंट." मे महिन्यात तारकर्लीत आलेल्या मुंबईकराला एक रुपया न सोडणारा हा माणूस. योगिनीनं इंग्रजीत शांतपणे दर सांगितला. पावसाळ्याचा दर आधीच निम्मा आहे, याहून कमी होणार नाही.

नानांनी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. शेजारी उभ्या असलेल्या सुदेशला, हाही आमच्याच गावचा, मालवणात त्याचं लॉज आहे, ते म्हणाले, "सगळी सारखीच ही काउंटरवरची चेडवां. कोट घातल्यान म्हणान काय झाला." आणि पैसे भरले.

योगिनीनं किल्ली पुढे केली आणि हसली. कामाचंच हसू ते. आपल्याला काय मिळालंय ते मात्र तिला कळलं होतं: हा माणूस आता रोज रात्री तिच्याच काउंटरपुढून ये-जा करणार होता.

पहिल्या रात्री तिनं ओळख दिली नाही. मंडळी फिरायला गेली. स्टेशनवर नावाच्या पाटीखाली नानांना उभं करून सुदेशनं फोटो काढला आणि सगळे हसून हसून लोळले, हे तिला लॉबीतल्या गप्पांतून कळलं. तिच्यापुढे ते बिनधास्त मालवणीत बोलायचे. कोण कुठल्या बारमध्ये गेला, कोणाला किती लागले, घरी काय सांगायचं. दुसऱ्या संध्याकाळी नाना आले ते एका मुलीला घेऊन. मुलगी योगिनीच्याच वयाची असेल. तिनं सवयीप्रमाणे ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. योगिनीनं नानांना आकार सांगितला.

"कसले पैसे?" नाना हिंदीत म्हणाले. "रूम मेरा है. मैंने पैसा दिया है."

योगिनीनं नियम समजावला. नाना सुदेशकडे वळले. "लुटूक बसलीत ही. तारकर्लीत माझ्या दारात असली चेडवां मी उभी करूचंय नाय, आणि हयसर माका नियम शिकयता."

ते खरंच होतं. नानांच्या रिसॉर्टच्या दारावर पाटी आहे: अविवाहित जोडप्यांना खोली मिळणार नाही. लग्नाचा पुरावा नसलेल्या पोरांना त्यांनी भर पावसात परत पाठवलेलं आम्ही पाहिलंय.

योगिनीनं पावती फाडून समोर ठेवली. "नाना," ती म्हणाली, "नियम सगळ्यांका सारखोच. आणि हळू बोला. माका समाजता."

नाना तिच्याकडे बघत राहिले.

"मी सत्यवानाचा चेडू. योगिनी. रात्रपाळी करतंय."

सुदेश सांगतो की नानांचं तोंड असं उतरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, वादळात बोट गेली तेव्हाही नाही. त्यांनी मुलीकडे हात हलवला, जा म्हणून.

"तेका रिकामा पाठवू नकात," योगिनी म्हणाली. "येळ घालवल्यात तेचो. पैसे देवा."

नानांनी खिशातून हाताला लागल्या तेवढ्या नोटा काढून दिल्या. योगिनीनं ओळखपत्र परत केलं, मुलीशी थाईत दोन शब्द बोलली, ती निघून गेली. नाना लिफ्टकडे गेले.

सकाळी तिची पाळी संपायच्या आत ते खाली आले. एकटे. अंघोळ केलेली, कपाळाला गंध. "बाय," ते म्हणाले, "झाला ता झाला. तू आमच्या गावचा. गावची अब्रू ती तुझी अब्रू."

सहा वर्षांत तिनं ह्या क्षणाची पुष्कळ भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. ती म्हणाली, "जत्रेच्या बैठकीक उभे रवा. सगळ्यांसमोर माझ्या बापाशीक सांगा, मी तुझ्या चेडवाबद्दल खोटा बोललंय. इतक्याच. मगे मी कोणाक काय्येक सांगूचंय नाय."

"सांगतंय," नाना म्हणाले. "देवाशप्पथ सांगतंय." त्यांनी हात जोडले. तिला त्या हातांकडे बघून बरं वाटलं. इतकं बरं, की तिनं विश्वास ठेवला.

नाना परत आले आणि गणपती आले. गणपतीत आमच्याकडे घरोघर भजनं होतात, माणसं ह्या घरातून त्या घरात जातात, आणि बोलणंही जातं. नाना घाबरलेले होते. जत्रेपर्यंत ती पोरगी गप्प बसेल याचा काय भरवसा? ती काही बोलायच्या आधी तिच्या बोलण्याची किंमतच घालवावी, असा त्यांनी विचार केला. भजनानंतर उसळ खाता खाता त्यांनी ते हळूच बोलून टाकलं. "सत्यवानाच्या चेडवाचा काय ता इचारू नकात. बँकॉकात कसल्या हॉटेलात रवता, ता मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रात्रीची बायलमाणसां तेच्याच हाताखालसून जातत."

सत्यवानाला ते रापण ओढताना कोणीतरी सांगितलं, हसत. घरी येऊन त्यानं मुलीला फोन लावला. रागावला नाही. "बाय, नाना हॉटेलात इल्ले काय तुझ्या?" एवढंच विचारलं.

योगिनीनं त्याला सगळं सांगितलं. सत्यवान म्हणाला, "जावंदे. देव बघून घेतलो."

तिला ते जाऊ द्यायचं नव्हतं, आणि देवावर सोपवायचंही नव्हतं. आता राग नुसता जुना राहिला नव्हता. नानांनी दिलेला शब्द मोडून पुन्हा तोच वार केला होता, त्याच जागी, त्याच माणसावर. तिनं मालकाकडे रजा मागितली आणि कार्तिकात, जत्रेच्या बैठकीच्या दिवशी, गावात आली.

देवळात बायका एका बाजूला बसतात. नानांची बायको चंद्रावती पुढे होती, दौऱ्यावर गेलेल्या बाकीच्यांच्या घरच्याही बऱ्याच जणी. योगिनी आली तशी कुजबूज झाली. कोणी सरकून जागा दिली नाही. ती उभीच राहिली. आतल्या बाजूला पुरुषांत सत्यवान नव्हता. तिनं त्याला आणायचा प्रयत्न केला, तो आला नाही.

पालखीचं, दुकानांच्या जागांचं बोलणं झालं. नानांनी तिला पाहिलं होतं, पण ते तिच्या बाजूला मान वळवत नव्हते. बोलणं संपत आलं तेव्हा ती पुढे झाली.

"माका एक इचारूचा आसा," ती म्हणाली. "नानांनी सांगल्यानी की मी बँकॉकात वायट हॉटेलात कामाक आसंय. मी थयसर कामाक आसंय, ता खरा. रात्रपाळीक आसंय, ताय खरा. नानांनी माका डोळ्यांनी बघितल्यानी. तर नाना, तुमी माका बघितलात ता खंय? काउंटराच्या अलीकडसून की पलीकडसून?"

नानांनी समोरचं वर्गणीचं पुस्तक मिटलं.

"म्हणजे काय?" नाना म्हणाले. "आमी रस्त्यान जाय होतंव. दिसलंस."

"रस्त्यावरसून काउंटर दिसणा नाय. काउंटर आतमधी आसा. आणि तुमी तर किनारे बघूक गेल्लात. त्या शहराक किनारो नाय. तुमी चार दिवस थयसर काय करी होतात?"

"विमान उशिरा होता," नाना म्हणाले.

"चार दिवस?"

आणि मग जे झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं. मागे बसलेल्या सुदेशला हसू आलं. त्यानं तोंडावर रुमाल धरला, पण त्याला ते आवरेना. त्याला त्या स्टेशनची पाटी आठवली होती. त्याच्या बायकोनं, अनुजानं, बायकांतून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "कित्याक हसतास?" तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं. "तुया थयसरच होतंस मां?"

सुदेशचं हसू गेलं. तो खाली बघायला लागला. त्याच्या शेजारचाही खाली बघायला लागला, आणि त्याच्या पलीकडचाही. बायकांना पुरुषांच्या माना दिसत होत्या. दौऱ्यावर कोण कोण गेलं होतं ते आता कोणालाही बोट दाखवून सांगता आलं असतं.

"माझा आणखी काय्येक म्हणना नाय," योगिनी म्हणाली. "नाना माझ्या काउंटरावर इले, एका चेडवाक घेवन. मी तेंच्याकडसून हॉटेलच्या नियमाचे पैसे मागलंय, म्हणान मी वायट. बाकी सुदेशदादांका इचारा."

सुदेशला कोणी विचारलं नाही. गरज पडली नाही. नाना उठून उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि चंद्रावती उठली. तिनं पदर सावरला, चपला शोधल्या आणि त्यांच्याकडे न बघता चालू लागली. नाना तोंड तसंच ठेवून तिच्या पाठीकडे बघत राहिले.

योगिनी मला म्हणाली की तेव्हा तिला खूप गोड वाटलं. तिनं तोच शब्द वापरला. हात-पाय हलके झाले, भूक लागली. घरी जाऊन तिनं बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर खाल्ला, कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावती तिच्या दारात आली. साखरपुड्याच्या वेळी हिनंच योगिनीची ओटी भरली होती, आणि लग्न मोडलं तेव्हा हीच चोरून दोनदा रडली होती असं म्हणतात. योगिनीनं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माका एकटीक सांगलं असतंस तर?" चंद्रावती म्हणाली. "मी तेंका घरात बघितलं असतंय. आता मी बाजारात तोंड कसा दाखवू?"

"तेंनी माझ्या बापाशीक एकट्याक सांगल्यानी?"

"तेंनी केल्यानी. भोगतंय मी. तुया बायलमाणूस असान..." पुढचं तिनं गिळलं.

योगिनी म्हणते की ह्या एका गोष्टीचा तिनं सहा वर्षांत विचारच केला नव्हता. तिच्या मनातल्या शिक्षांमध्ये नाना नेहमी एकटे असायचे. तिनं चंद्रावतीला चहा विचारला. चंद्रावती नको म्हणाली, आणि गेली.

नानांनी कमिटी सोडली. सोडली कसली, पुढच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावलंच नाही. अनुजा महिनाभर माहेरी सावंतवाडीला जाऊन राहिली, मग आली. प्रीतमच्या सासऱ्यानं, त्याच कुडाळच्या ठेकेदारानं, रिसॉर्टमध्ये घातलेले आपले पैसे काढून घ्यायची भाषा सुरू केली, आणि आता व्यवहार चंद्रावती बघते. नाना मागच्या खोलीत असतात. पर्यटकांसमोर येत नाहीत. प्रीतमनं योगिनीला मेसेज केला होता, लांबलचक. तिनं वाचला नाही, पुसून टाकला.

ती परत निघाली तेव्हा सत्यवान तिला सोडायला गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंत आला. रिक्षा, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा. गावात आता माणसं त्याला हाक मारून बोलत होती, टपरीवर चहा पाजत होती, हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि तो खूश असेल असं धरून चालली होती.

दारात बॅग तिच्या हातात देताना तो म्हणाला, "चंद्रावती कुडाळच्या बाजारात जाता आता मासळी आणूक. हयसर येणा नाय." थोडं थांबून म्हणाला, "माका इतक्या नको होता, बाय."

योगिनीनं बॅग खांद्याला लावली.

"माका व्हया होता," ती म्हणाली, आणि आत गेली.